उबुदच्या बॅकपॅकर हॉस्टेलमध्ये चाळिशीनंतर एकटीने राहणं जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय बेचाळीस, एकट्याच इंडोनेशियातल्या बाली बेटावर निघालात, शाकाहारी आहात, उबुदमध्ये सहा रात्री काढायच्या आहेत. हॉटेल परवडतं, पण खोलीत एकटं बसायचं नाहीये. तर हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये, म्हणजे अनेक बेडच्या सामायिक खोलीत राहावं, की तो सगळा विशीतल्या पोरांचा कारभार आहे?

राहा. फक्त सहाच्या सहा रात्री नको, आणि बुक करताना बेडचे फोटो बघत बसू नका, गल्ली बघा.

मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. २०२५ च्या मेच्या सुट्टीत, सेहेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदाच हॉस्टेलात राहिले. पहिल्या रात्री पुरती फसले. फोटोत पोहण्याचा तलाव होता, बांबूचा बार होता, मार्क चांगले होते. तलाव होताच, पण त्याच्या काठावर रात्री दोनपर्यंत ढोल बडवल्यासारखं संगीत चालू होतं आणि माझा बेड त्याच भिंतीला लागून होता. सकाळी पिशवी उचलली, उरलेल्या एका रात्रीचे पैसे सोडून दिले आणि चालत सुटले. मोठ्या रस्त्यावरून आत वळले, तिथून आणखी एका बोळात, आणि एका घराच्या मागच्या अंगणात बांधलेलं आठ-दहा बेडचं हॉस्टेल सापडलं. पुढचे चार दिवस तिथेच होते.

उबुदमधल्या जुन्या घरांची रचना समजून घेतली की कुठे राहायचं ते आपोआप कळतं. रस्त्याकडून दिसतो फक्त एक अरुंद दरवाजा. आत शिरलं की समोर एक आडवी भिंत, तिला वळसा घालून जायचं. भुतंखेतं सरळच चालतात, त्यांना वळता येत नाही असं तिथे मानतात. मग अंगण, त्यात सुटी सुटी दालनं: एक वडीलधाऱ्यांचं, एक समारंभांचं, एक स्वयंपाकाचं. आणि कोपऱ्यात घरचं देऊळ, शक्यतो डोंगराच्या आणि उगवतीच्या बाजूला. अशा वाड्यात मागे दोन खोल्या जास्त काढून होमस्टे किंवा छोटं हॉस्टेल चालवणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. म्हणून बुकिंग करताना प्रतिक्रियांमध्ये 'फॅमिली', 'टेम्पल', 'कोंबडा' असे शब्द शोधा. कोंबड्याची तक्रार असेल तर जागा चांगली समजायची.

रस्त्यांची नावं वाचून तुम्हाला मजा वाटेल. हनुमान रस्ता, सुग्रीव रस्ता, जांबुवान रस्ता, भीष्म रस्ता, अर्जुन रस्ता. रिक्षावाल्याला पत्ता सांगतोय की कीर्तन ऐकतोय तेच कळू नये. (रिक्षा अर्थात नाहीत.) हनुमान आणि मंकी फॉरेस्ट हे दोन रस्ते गजबजलेले, त्यांना काटकोनात फुटलेल्या गल्ल्या बघा. उत्तरेकडची काजेंग गल्लीही छान, तिच्या फरशांवर लोकांनी नावं आणि चित्रं कोरून ठेवली आहेत आणि चालत गेलं की ती थेट भातखाचरांत निघते.

आता डॉर्मचं. बायकांच्या सहा बेडच्या खोलीत एका रात्रीचे दीड लाख रुपिया पडले. दचकू नका, त्या वेळच्या भावाने एक लाख रुपिया म्हणजे आपले सव्वापाचशेच्या आसपास. बेडला पडदा, दिवा, प्लग; आपली दोन पिनांची चार्जरची पिन तिथे बसते, तीन पिनांची बसत नाही. संडासात पाण्याचा जेट असतो, हे मुद्दाम सांगते कारण युरोपहून आलेली भाची त्याशिवाय दुसरं काही बोलतच नव्हती. नळाचं पाणी मात्र चूळ भरायलाही वापरलं नाही मी. प्रत्येक हॉस्टेलात 'गालोन' नावाची एकोणीस लिटरची बाटली उलटी लावलेली असते, त्यातून आपली बाटली भरून घ्यायची. खालचा बेड मागून घ्या. रात्री शिडीवरून उतरताना गुडघे आपलं वय सांगतात आणि ते सगळ्या खोलीला ऐकू जातं.

पोरींचं म्हणाल तर तिथे मला कोणी 'आंटी' म्हटलं नाही. एक पोर्तुगीज नर्स, दोघी कोरियन बहिणी, एक जर्मन मुलगी जी दिवसभर योगाच्या वर्गाला जायची आणि मला सूर्यनमस्काराचे उच्चार शिकवायची. शिकवू दिलं. संध्याकाळी कोणीतरी विचारतंच, 'नाच बघायला येतेस का?', आणि एकटं पडण्याचा प्रश्न तिथेच मिटतो. हॉटेलात हे होत नाही.

पण हॉस्टेलात राहण्याचं खरं कारण माझ्या लेखी वेगळंच आहे. दक्षिणेकडच्या समुद्रकिनाऱ्यांवरून सकाळी दहाला गाड्या भरभरून माणसं उबुदला येतात आणि संध्याकाळी परततात. त्या मधल्या वेळात गाव म्हणजे आपल्या महाबळेश्वरचा मे महिना: हॉर्न, धूर, माकडांसोबत सेल्फी. उबुद बघायचं ते पहाटे पाच ते नऊ आणि अंधार पडल्यावर. त्यासाठी गावातच, शक्यतो कोणाच्या तरी अंगणात, झोपायला हवं.

आमच्या अंगणात सकाळी सहाला घरची आजी ओट्यावर बसायची. बाली भाषेत आजीला दादोंग म्हणतात, आम्ही सगळ्या तेच म्हणायचो. पुढ्यात नारळाच्या कोवळ्या पात्या, सुरी आणि एक निळा स्टेपलर. पात्यांचे तुकडे कापून तळहाताएवढे चौकोनी द्रोण करायचे, त्यांत चार दिशांना चार रंगांची फुलं, वर उदबत्ती. याला चानांग सारी म्हणतात. पूर्वी द्रोण बांबूच्या बारीक काड्यांनी टोचायचे, आपल्या पत्रावळीसारखे. आता दादोंग खटाखट स्टेपल मारते. मी दोन करून बघितले. चित्रकलेची बाई असून माझा द्रोण एका बाजूला कलला. तिने तो हातात फिरवून पाहिला, काही बोलली नाही, आणि मोरीपाशी ठेवायच्या ढिगात टाकला. स्वयंपाक झाला की कोणी जेवायच्या आधी केळीच्या पानाच्या नखाएवढ्या तुकड्यांवर भाताची चार-चार शितं: एक चुलीपाशी, एक पाण्यापाशी, एक दारात. माझी आजी काकबळी ठेवायची ते आठवलं. चालताना खाली बघत चला, हे द्रोण फुटपाथवरसुद्धा असतात.

सकाळ, दुपार आणि संध्याकाळ, अशी तीन वेळा कुठल्यातरी भोंग्यावरून त्रिसंध्या नावाची प्रार्थना ऐकू येते. तिची सुरुवात गायत्री मंत्राने होते. उच्चार वेगळे, चाल वेगळी, पण 'भूर्भुवः स्वः' कानावर पडल्यावर हातातला कॉफीचा कप तसाच राहिला माझा. मात्र 'अरे, हे तर आपलंच' म्हणून गळ्यात पडायची घाई नको. यांच्या सणाला डुक्कर भाजतात, आणि त्यांचा हिंदू धर्म त्यांनी त्यांच्या पद्धतीने घडवलेला आहे. शक मात्र तोच. २०२३ मध्ये २२ मार्चला आपल्याकडे पाडवा होता, शके १९४५ सुरू झालं. त्याच दिवशी बालीतही शक १९४५ लागलं. आपण गुढी उभारून श्रीखंड खाल्लं, त्यांनी न्येपी, म्हणजे नववर्षाचा मौनाचा दिवस, पाळला: दिवे बंद, रस्ते ओस, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. दर वर्षी तारखा जुळतातच असं नाही, म्हणून मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपी कधी आहे ते आधी बघा. त्या दिवशी हॉस्टेलच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. मी गेले तेव्हा गालुंगान हा त्यांचा मोठा सण होऊन दोन-तीन आठवडे झाले होते, आणि गल्लीत दारोदारी उंच, शेंड्याला वाकलेले सजवलेले बांबू वाळत उभे होते. त्यांना पेंजोर म्हणतात. आपली गुढी त्यांच्यापुढे अगदी लहान दिसेल.

संध्याकाळी साडेसातला राजवाड्याच्या अंगणात, म्हणजे पुरी सारेनमध्ये, नाच असतो. तिकीट काढा, अर्धा तास आधी जाऊन पुढे जमिनीवर बसा. गामेलानचा, म्हणजे तिथल्या वाद्यमेळाचा, आवाज पहिल्यांदा ऐकताना वाद्यं बेसूर आहेत असं वाटेल. तसं मुद्दाम करतात. जोडीतल्या दोन वाद्यांपैकी एक किंचित चढं लावलेलं असतं, त्यामुळे दोन्ही एकत्र वाजली की स्वर थरथरतो, लाटेसारखा.

त्याहून चांगलं फुकटात बघितलं. आमच्या बोळाच्या तोंडाशी वस्तीचा समाजमंडप होता, बाले बांजार. तिथे शाळा सुटल्यावर आठ-नऊ वर्षांच्या मुली नाच शिकायच्या. बाई समोर उभी राहून करून दाखवत नव्हती. ती मुलीच्या मागे उभी राहून, तिची मनगटं धरून, स्वतःच्या अंगाने तिचे हात वळवत होती. हनुवटी बोटाने उचलायची, कोपर गुडघ्याने वर ढकलायची. मी पहिलीच्या पोरांना गोल काढायला शिकवताना त्यांचा हात धरते तसंच, फक्त इथे सगळं शरीरच धरलेलं. तासभर उभी होते. कोणी 'बसा'ही म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही.

चित्रांत रस असेल तर पुरी लुकिसान चुकवू नका. १९५६ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय. १९३६ मध्ये उबुदच्या राजघराण्यातले चोकोर्दा ग्दे आगुंग सुकावती, जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीज आणि डच चित्रकार रुडॉल्फ बॉनेट यांनी स्थानिक कलाकारांना घेऊन 'पिता महा' नावाचं मंडळ काढलं, तिथपासूनची कामं इथे आहेत. त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत चित्रं होती ती मुख्यतः देवळांसाठी आणि वाड्यांसाठी, रामायण-महाभारतातली. त्यानंतर बाजार, कापणी, अंघोळीला गेलेल्या बायका कागदावर आल्या. गुस्ती न्योमान लेम्पाद यांची शाईची रेखाटनं बघायला मी दोनदा गेले. एका दमात ओढलेली रेघ, खोडाखोड नाही, पायाच्या करंगळीचा बाक नेमका तेवढाच. हेच लेम्पाद देवळंही बांधायचे. गावातलं कमळांच्या तळ्यावरचं सरस्वतीचं देऊळ त्यांचंच. शंभरी ओलांडून १९७८ मध्ये गेले.

खाण्याचं: भात, टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तळलेली फार छान लागते), शेंगदाण्याच्या कुटाच्या चटणीतला गाडो-गाडो. उपाशी राहणार नाही. धोका आहे तो 'तेरासी'चा, म्हणजे कोळंबीच्या वाटणाचा; तो भाजीत आणि चटणीत दिसत नाही. 'तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी' हे कागदावर लिहूनच ठेवा: मांस नको, मासे नको, तेरासी नको. वारुंग म्हणजे खानावळ, तिथे स्वस्तात होतं. फळांचे वाडगे विकणाऱ्या सुंदर कॅफेंमध्ये मात्र पुण्याच्या कोरेगाव पार्काइतकं बिल होतं.

बाकी भराभर सांगते. व्हिसा उतरल्यावर मिळतो, पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा. बालीचा दीड लाखाचा पर्यटन कर वेगळा, तो ऑनलाइन आधीच भरा. विमानतळावरून उबुद दीड तास धरा, हॉस्टेललाच गाडी पाठवायला सांगा. स्कूटर, घरी चालवायची सवय असली तरी, आंतरराष्ट्रीय परवान्याशिवाय नको. देवळात सारोंग आणि कमरेला पट्टा लागतो, पाळीत प्रवेश नाही अशी पाटी असते. कुत्रा किंवा माकड चावलं तर दवाखान्यात त्याच दिवशी जायचं, बालीत रेबीज आहे.

मी तीन रात्री डॉर्म आणि मग त्याच अंगणातली वेगळी खोली घेतली, तसंच तुम्हीही करा. आधी ओळखी, मग झोप. आणि लॉकरचं कुलूप घरून न्या. मी ते काउंटरवर पन्नास हजार रुपियांना घेतलं आणि तिसऱ्या दिवशी किल्ली हरवली. दादोंगच्या मुलाने ते करवतीने कापलं, आणि पाचही पोरी पडद्यांतून डोकी काढून टाळ्या वाजवत होत्या.