इंग्लंडमध्ये अलॉटमेंट (भाजी-फळं लावायला भाड्याने मिळणारा छोटा प्लॉट) मिळाली आहे. स्ट्रॉबेरी लावणं परवडतं का, की दुकानातून आणलेली बरी?

पैशाच्या हिशोबाने विचारत असाल तर नाही परवडत. जाळी, काड, रोपं, प्लॉटचं भाडं आणि स्वतःचे तास धरले तर जूनमधली सुपरमार्केटची स्ट्रॉबेरी स्वस्तच. पण त्या फळाला लांबचा प्रवास असतो, म्हणून जात टणक निवडतात आणि तोडणीही जरा आधीच करतात. प्लॉटवर थांबता येतं. सगळी मजा त्या थांबण्यात आहे.

आमच्या घरातला जुना वाद याच्यावरच. आमचे साताऱ्याकडचे मेहुणे ठासून सांगतात, खांद्याला, म्हणजे देठाजवळ, पांढरट असली तरी तोडा, खिडकीत ठेवली की पिकते. नाही पिकत! आढी आंब्याला घालतात. तोडलेली स्ट्रॉबेरी आणखी लाल होते, मऊही पडते, पण गोडी वाढत नाही. साखर पानांतून देठावाटे येते आणि देठ तुटला की ती बंद. तेव्हा हिरवी टोपी बोटाने उचलून खालचा खांदा बघा. तिथे पांढरं दिसलं तर हात मागे घ्या. फळ ओढायचं नाही, देठ नखाने चिमटून टोपीसकट काढायचं. तिथेच खायची तर दुपारी, फळ उन्हाने कोमट असताना, वास तेव्हाच भरपूर. घरी न्यायची तर सकाळी तोडा.

आता एवढं थांबायचं म्हणजे ब्लॅकबर्ड आधी पोचणार. फळ हिरवं असतानाच कमानी रोवून जाळी ताणून बांधा आणि कडा जमिनीशी पक्क्या करा. नुसती रोपांवर पसरली तर पक्षी वर बसून जाळीतून टोचतो, आणि सैल कडेत हेजहॉग (काटेरी अंगाचा छोटा प्राणी) अडकतो. काड (बार्लीचं मिळालं तर उत्तम, मऊ असतं) फळं वजनाने झुकायला लागली की त्यांच्याखाली पसरायचं. घाई करून आधी टाकलं तर जमिनीची ऊब वर येत नाही आणि मे महिन्यातल्या गोठवणाऱ्या रात्रीत फुलं जातात. फुलाचा मधला भाग काळा पडला की त्याला फळ धरत नाही. अशा रात्री फ्लीस (रोपांवर टाकायचं हलकं कापड) टाका, सकाळी काढा, नाहीतर मधमाश्या आत कशा जाणार? परागीभवन अर्धवट झालं की फळं वेडीवाकडी येतात. राखाडी बुरशी आलेलं फळ दिसलं की लगेच काढून वाफ्याबाहेर.

लागवड ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. दोन रोपांत ४० सेंमी, दोन ओळींत ७५ सेंमी. क्राउन (मुळांच्या वरचा, पानं फुटतात तो गड्डा) मातीच्या बरोबरीने हवा. खोल गेला तर कुजतो, वर राहिला तर सुकतो. बटाटा किंवा टोमॅटो होता त्या जागी लावू नका, मर रोगाची बुरशी मातीत राहते. जाती म्हणाल तर लवकर हनीऑय, मध्ये केंब्रिज फेव्हरिट, उशिरा फ्लॉरेन्स, म्हणजे जुलैपर्यंत फळ पुरतं.

महाबळेश्वरकडे दरवर्षी नवी रोपं लावतात म्हणून इथेही तसंच करा, हा मेहुण्यांचा दुसरा हट्ट. गरज नाही. हंगाम संपला की क्राउनच्या वर १० सेंमी ठेवून पानं कापा, जुनं काड उचला; रोप ३-४ वर्षं चांगलं देतं. बदली रोपं फुकट मिळतात: निरोगी रोपाचे ४-५ रनर (जमिनीवरून पसरणारे, टोकाला नवं रोप धरणारे फुटवे) ९ सेंमीच्या कुंडीत तारेने दाबून ठेवा, ४ ते ६ आठवड्यांत मुळं धरली की तोडा. बाकीचे रनर मात्र दिसतील तसे छाटा, नाहीतर रोपाची ताकद फळाऐवजी त्यांच्यात जाते. नवी रोपं नव्या जागी लावा.

अर्थात प्लॉट घरापासून लांब असेल आणि जूनमध्ये दिवसाआड जाणं जमणार नसेल, तर यातलं काही करू नका. स्ट्रॉबेरी दुकानातूनच आणा.