जुना टीव्ही गेम, नवा टीव्ही: बोर्डाचे तुकडे नेमके कुठे पाडायचे?

प्रश्न: माझ्याकडे लहानपणीचा कॅसेटवाला टीव्ही गेम आहे, मित्राकडे सेगाचा मेगा ड्राइव्ह कन्सोल आहे. नवीन एलईडी टीव्हीला लावलं की मार बसल्यावर हिरो लुकलुकायचा तो आता कधी गायबच होतो, कधी अर्धामुर्धा दिसतो, आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा मारतो. एफपीजीएवर (आतली जोडणी कोड लिहून ठरवता येते अशी चिप) एचडीएमआय बोर्ड करायचाय, कन्सोल बदलला की फक्त इनपुटचा भाग बदलेल असा. सुरुवात कुठून करू? (तिसरं वर्ष इलेक्ट्रॉनिक्स, सांगली)

उत्तर: कल्पना एकदम बरोबर आहे, सोडू नका. तुमचा टीव्ही गेम म्हणजे बहुधा १९८३ च्या जपानी फॅमिकॉमची नक्कल. आपल्याकडच्या पाल टीव्हीला ६२५ ओळींचं चित्र दोन हप्त्यांत घ्यायची सवय, आणि हा गेम दर वेळी त्याच ३१२ ओळी पाठवतो, मग नवा टीव्ही त्याला अर्धं चित्र समजून दोन फ्रेम एकमेकांत मिसळतो, आणि लुकलुकणारा हिरो एका फ्रेममध्ये असतो दुसऱ्यात नसतो त्यामुळे त्याचा बोऱ्या वाजतो. मिसळायला वेळ जातो तो वेगळाच.

म्हणून फ्रेम साठवायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक ओळ दोनदा पाठवा. ३१२ च्या होतात ६२४, आणि ५७६पी ला (५७६ दिसणाऱ्या ओळींचा टीव्ही मोड) न दिसणाऱ्या धरून एकूण ६२५ लागतात, म्हणजे एका ओळीचा फरक, बरेच टीव्ही तो चालवून घेतात. दिसणाऱ्या २४० ओळी तिप्पट करून ७२० मिळतात हे दिसायला छान दिसतं पण एकूण ओळी ९३६ होतात, ७२०पी ला हव्यात ७५०, तिथे बरेच टीव्ही 'नो सिग्नल' दाखवतात. आधी दुप्पटच करा. उशीर साधारण एका ओळीचा, म्हणजे ६४ मायक्रोसेकंद, एक फ्रेम साठवली असती तर २० मिलिसेकंद गेले असते.

आता मॉड्यूलचं, म्हणजे बदलायच्या इनपुट भागाचं. माझं ठाम मत आहे की कनेक्टर तिथेच ठेवा जिथे सिग्नल डिजिटल झालेला असतो. मी पहिल्या बोर्डात आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांवर) अ‍ॅनालॉगच रिबन केबलने मेन बोर्डावर आणला होता, शेजारून क्लॉक जात होता, आणि सोनिक गेमच्या निळ्या आकाशात बारीक तिरप्या रेघा सरकत राहिल्या, दोन आठवडे कोडमध्ये चूक शोधत बसलो. अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणारी चिप, म्हणजे एडीसी किंवा व्हिडिओ डिकोडर, इनपुट मॉड्यूलवरच पाहिजे. कनेक्टरवर क्लॉकच्या दोन्ही बाजूंना ग्राउंड द्या, आणि प्रत्येक मॉड्यूलवर एक छोटा २४सी०२ ईईप्रॉम (मेमरी चिप) टाका, म्हणजे कुठलं मॉड्यूल लागलंय ते मेन बोर्डला आपोआप कळतं.

टीव्ही गेममधून कॉम्पोझिटच (सगळे रंग एकाच तारेवर) मिळतं, चिपवर काळा गोळा ओतलेला असतो, आत आरजीबी शोधत बसू नका. एडीव्ही७१८० डिकोडर घ्या. तो ८ बिट डेटा २७ मेगाहर्ट्झवर देतो, आणि ५७६पी चा पिक्सेल क्लॉकही २७ च! तोच क्लॉक एफपीजीएच्या पीएलएलमध्ये (क्लॉक वाढवणारा भाग) पाचपट करून १३५ केला की एचडीएमआयचा सिरियलायझर (बिट एकामागून एक पाठवणारा भाग) चालतो, चित्र कन्सोलच्याच वेगाने जातं, फ्रेम गळत नाही. मेन बोर्ड आधी स्वतः बनवू नका, टँग नॅनो ९के हा तयार एफपीजीए बोर्ड घ्या, एचडीएमआय सॉकेट त्यावर आहेच, ८६४० एलयूटी (लॉजिकचे छोटे ठोकळे) आहेत, आणि दोन ओळी साठवायला २३ किलोबिट लागतात तर आत ४६८ आहेत. टीव्हीवर स्थिर चित्र आलं की मगच स्वतःचा पीसीबी.

प्रश्न: मेगा ड्राइव्हला तेच मॉड्यूल चालेल?

उत्तर: चालेल, पण वाया घालवू नका, त्याच्या एव्ही सॉकेटवर आरजीबी मिळतो. त्याला वेगळं मॉड्यूल करा, टीव्हीपी७००२ एडीसीचं. ओएसएससी नावाच्या स्कॅन कन्व्हर्टरमध्ये हीच चिप सायक्लोन ४ एफपीजीएबरोबर आहे आणि त्याचं डिझाइन खुलं आहे, स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) समोर ठेवून एकेक रेझिस्टर का आहे ते समजून घ्या. ७५ ओमचं टर्मिनेशन (केबलच्या टोकाचा रेझिस्टर) मॉड्यूलवरच, सॉकेटला चिकटून. आणि सिंकची (ओळ आणि फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणाऱ्या सिग्नलची) तार जोडायच्या आधी तिचा व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर बघा, ५ व्होल्टचा सिंक असेल तर थेट एडीसीत देऊ नका.