रोज १६ किलोमीटरसाठी स्वस्त ई-सायकल पुरेल का?

पुण्यात कोथरूड ते शिवाजीनगर आणि परत, फार तर १६ किलोमीटर, एवढ्यासाठी ३० हजारांच्या आसपासची ई-सायकल पुरेल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. मात्र जाहिरातीतला पल्ला पाहून निर्णय घेऊ नये. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा, म्हणजे तिच्यात किती ऊर्जा (वॉट-तास) मावते ते कळते. ३६ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर-तास म्हणजे २७० वॉट-तास होतात, आणि अधूनमधून पेडल मारल्यास किलोमीटरला साधारण १० ते १२ वॉट-तास खर्ची पडत असल्याने २२ ते २७ किलोमीटरचा पल्ला मिळतो. बॅटरी जुनी होईल तसा तो घटतो, म्हणून याहून लहान बॅटरी घेऊ नये.

मोटारची शक्ती २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असल्यास परवाना व नोंदणी लागत नाही. दुकानदार वेगमर्यादा काढून देण्याचे आमिष दाखवील, ते नाकारावे. चढावर केवळ थ्रॉटलवर (पेडल न मारता मोटारीने सायकल पळवणाऱ्या हँडलवरच्या मुठीवर) विसंबल्यास मोटार तापते, तेव्हा पेडल मारावेच लागते (व्यायामाची हौस नसली तरी). वरच्या मजल्यावर राहत असाल तर बॅटरी काढता येणारीच सायकल घ्यावी, कारण चार्जिंगसाठी अख्ख्या सायकलचे वीसेक किलोचे धूड रोज जिन्याने वाहून नेणे अशक्यप्राय आहे.