मटण सोडलं, दूध-दही चालू ठेवलं, तर प्राण्यांच्या दुःखातला आपला वाटा संपतो का?

नाही, संपत नाही. मी धाराशिव जिल्ह्यातला, घरी दोन म्हशी, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

म्हैस व्याली की आधी बघतात, रेडी आहे का रेडा. रेडी असली तर तिला सड मोकळा सोडतात. रेड्याला पान्हा सुटेपुरतं तोंड लावू देतात आणि लगेच ओढून खुंट्याला बांधतात. दोन-तीन आठवड्यांत त्याच्या बरगड्या मोजता येतात. पुष्कळ रेडे असेच उपाशी मरतात, उरलेले खाटकाकडे जातात. त्याच्या वाट्याचं दूध आपल्या चहात असतं. शाकाहारी माणसाला हे कुणी सांगत नाही.

मग मटणवाले सुटले का? तेही नाही. उस्मानाबादी शेळी दिवसभर शिवारात बाभळीच्या शेंगा, पाला खात हिंडते, तिचं जगणं शेडमध्ये दाटीवाटीत वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबडीपेक्षा कितीतरी मोकळं. (ब्रॉयलर तर पाच-सहा आठवड्यांतच कापतात.) पण बाजाराच्या दिवशी तीच शेळी टेम्पोत एकावर एक कोंबली जाते, उन्हात, पाण्याविना. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने यासाठी पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला 10 ते 50 रुपये!

मी मटण खातो, पण कमी, आणि गावातल्याच पाळलेल्या शेळीचं. ब्रॉयलर सोडलं. आणि गोठ्यात रेड्यालाही एक सड पूर्ण सोडतो. दूध कमी निघतं, आई कुरकुरते, पण तो जगतो.

तुम्ही दूध घेता त्या गवळ्याला एकदा विचारा, रेडे कुठे जातात.