कीर्ती शिलेदार यांचं संगीत रंगभूमीवर एवढं नाव का आहे?

घरातच नाटक कंपनी होती, हे पहिलं कारण. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी १९४९ साली पुण्यात 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली. त्यांची ही मुलगी, जन्म १९५२ चा. शाळकरी वयातच तोंडाला रंग लागला. गाण्याची तालीम आईकडून आणि नीळकंठबुवा अभ्यंकरांकडून. पुढे 'सौभद्र', 'स्वयंवर', 'मानापमान' अशी जुनी नाटकं केलीच, पण विद्याधर गोखल्यांचं 'स्वरसम्राज्ञी' म्हटलं की आजही त्यांचंच नाव येतं.

मी त्यांना सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिरात पाहिलं. 'स्वयंवर'मध्ये रुक्मिणी 'नाथ हा माझा' सुरू करते तो क्षण. ऑर्गनचा सूर मिळाला, त्यांनी पदराचं टोक बोटात धरलं आणि मान किंचित वळवून पहिली ओळ उचलली. संवाद कुठे संपला नि पद कुठे सुरू झालं, कळलंच नाही. पुढच्या रांगेतल्या आजी डोळे मिटून हातावर ताल धरून बसल्या होत्या. नुसतं छान गाणाऱ्या पुष्कळ असतात हो, पण तान घेतानाही रुक्मिणीच राहणं फार अवघड. मला त्यांचं मोठेपण तिथे वाटतं.

२०१८ साली मुलुंडच्या ९८ व्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. २२ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात गेल्या. ध्वनिमुद्रणं मिळाली तर नुसती पदं ऐकू नका, पदाआधीचा संवादही ऐका.