पीएचपीमध्ये == ने काम भागत असताना === कशाला?

तुम्ही विचारलंय, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत दोन किमती ताडून बघायला दोन बरोबरच्या चिन्हांनी (==) तुमचं सगळं नीट चालतंय, मग लोक तिसऱ्याचा आग्रह का धरतात? नीट चालतंय असं दीड वर्ष मलाही वाटत होतं.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानासाठी मी हिशेबाचा प्रोग्राम लिहिला होता. लॉट नंबर दोन तऱ्हेचे. थेट सौद्याला आलेल्या मालाला साधा आकडा. गोदामातल्या मालाला तारीख, रांगेचं इंग्रजी अक्षर आणि थप्पीचा क्रमांक. म्हणजे १२ तारीख, ई रांग, दुसरी थप्पी: "१२ई२". (कोडमध्ये अंक-अक्षरं इंग्रजीच होती, इथे मराठीत लिहितोय.) एक दिवस दिवाणजींनी १२०० नंबरच्या लॉटची पट्टी (शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब) काढली, तर वर नाव ई रांगेतल्या शेतकऱ्याचं! पैसे जायच्या आत त्यांच्या लक्षात आलं म्हणून बरं. वर्षभर राबून आणलेल्या मालाची पट्टी दुसऱ्याच्या नावावर निघणं ही लहान चूक नव्हे.

झालं असं, की दोन्हीकडे स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) असल्या तरी त्या आकड्यासारख्या दिसल्या की == आधी त्यांचे आकडे करतं आणि मग ताडून बघतं. आकड्यातला ई म्हणजे "गुणिले १० चा घात", म्हणून १२ई२ म्हणजे १२ गुणिले १० चा वर्ग, म्हणजेच १२००. डी रांगेत हे कधी घडलं नाही, एफमध्येही नाही, फक्त ई. त्यामुळे दोष सापडायला चार दिवस गेले. त्याच न्यायाने "००१२" आणि "१२" हेही == ला एकच. === मात्र आधी प्रकार (आकडा की स्ट्रिंग) बघतं, मग किंमत, आणि स्वतः काहीही बदलत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ ने थोडी सुधारणा केली. पूर्वी ० == "हळद" खरं यायचं, आता खोटं येतं. पण "१२ई२" == "१२००" आजही खरंच येतं, तेव्हा नवी आवृत्ती आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आता सगळीकडे एकदम === करायला जाल तर वेगळी पंचाईत होईल. फॉर्ममधून आलेलं "१२००" ही स्ट्रिंग असते; डेटाबेसमधून तोच १२०० पूर्णांक म्हणून आला, तर === दोन्ही वेगळे ठरवेल. म्हणून माहिती आत येते तिथेच प्रकार ठरवा: वजन, दर, पोती यांचे आकडे करून घ्या, लॉट नंबर, मोबाईल, पिनकोड यांना स्ट्रिंगच राहू द्या, कारण त्यांची बेरीज कोणी करत नाही. मग === लावा.

आणि स्विच (एका किमतीवरून अनेक पर्यायांतला एक निवडणारी रचना) तपासायला विसरू नका. ते आतून == च वापरतं. पीएचपी ८ मधलं तशाच कामाचं मॅच === वापरतं. यादीत किंमत शोधणाऱ्या इन-अॅरे या फंक्शनला तिसरा पॅरामीटर ट्रू दिल्याशिवाय तेही सैलच शोधतं. माझी चूक नेमकी तिथेच होती.