शिकारी पक्ष्यांची खोली नवी करायचीय, सुरुवात कुठून?

प्रश्न: आमच्या शाळेत वरच्या मजल्यावर शिकारी पक्ष्यांचं छोटंसं संग्रहालय आहे, घार, शिक्रा, गव्हाणी घुबड, गिधाड, सगळे पेंढा भरलेले आणि खूप जुने. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, पिसं गळतात. माजी विद्यार्थ्यांनी थोडे पैसे जमवलेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जुने पक्षी टाका, रंग मारू, फोकस लाइट लावू. काय करू?
– एक शिक्षिका, गिरगाव

उत्तर: बाई, पक्षी अजिबात टाकू नका! आणि उघड्या हाताने हातही लावू नका, कारण पूर्वी कीड लागू नये म्हणून कातडीला आतून आर्सेनिक लावायचे आणि ते इतक्या वर्षांनीही तिथेच असतं, म्हणून ग्लोव्ह्ज, मास्क, आणि मुलांना साफसफाईला बिलकुल बोलवायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात असे भरलेले पक्षीपण येतात, तर जुनी रजिस्टरं शोधा आणि काही हलवायच्या आधी वनविभागाशी बोला. डागडुजीबद्दल बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या टॅक्सीडर्मी (पेंढा भरण्याच्या) सेंटरला विचारून बघा.

पैशाचं म्हणाल तर रंगाआधी गळती. ओल राहिली की बुरशी येणार, पिसं खाणारे किडे येणार, मग वरून कितीही भारी पेंट मारा. बाहेरच्या भिंतीला चिकटलेली कपाटं आत सरकवा, काचा घट्ट बसतील असं करा. हॅलोजनचे फोकस नकोतच, पिसांचा रंग उडतो, मंद एलईडी पुरे, तेही कुणी बघायला आलं तेव्हाच.

उरलेल्या पैशात गिधाडाला एक अख्खी भिंत द्या, ही माझी कळकळीची विनंती. तुमच्या जवळच, मलबार हिलच्या डुंगरवाडीवर, म्हणजे पारशी लोक मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात त्या जागेवर, एकेकाळी गिधाडं घिरट्या घालायची आणि तुमच्या मुलांनी आकाशात एकही पाहिलेलं नसेल, याचं खूप वाईट वाटतं. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक हे औषध द्यायचे, तसं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी. हे कारण 2004 मध्ये जगासमोर आलं, 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, पण 1992 ते 2007 मध्ये देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखादंच उरावं इतकी संपली. हे मुलांना सांगा. भिंतीवर गिधाडाचे पंख खऱ्या मापात रंगवा, साधारण 2 मीटर, मुलं हात पसरून समोर उभी राहतील. बाजूला दीड मीटरची घार, ती तर खिडकीतूनही दिसेल.

रजिस्टर सापडलं की कळवा, त्यात पक्षी कुठून आले लिहिलं असेल तर ते पण भिंतीवर लावायचंय.